फितूर शोधण्याआधी नकाशा उघडा

थ्रेड. विषय : पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या कोकणातील अखेरच्या लढाया (१७८०-८१) आणि त्या वाचल्यावर आपल्या तोंडून निघणारे पहिले वाक्य. लांब आहे आणि ठिकठिकाणी कडू आहे. सवडीने वाचा.

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीतल्या एका लहानशा सभागृहात याच लढायांवर बोलण्याचा योग आला. कल्याणचा वेढा, मलंगगड, वसईचा पाडाव, दुगाड, बोरघाट असा सव्वा तासाचा प्रवास झाला. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता, खाड्या निळ्या आणि घाटवाटा तांबड्या रंगवल्या होत्या. श्रोते बहुतेक पंचविशीच्या आतले, गड चढणारे, मोडी शिकू पाहणारे. प्रश्नोत्तरे सुरू झाली. पहिला प्रश्न : “यात फितूर कोण होता?” दुसरा : “म्हणजे शेवटी जिंकलं कोण?” तिसरा, जरा तिरकस : “हे सगळं इंग्रजांनीच लिहिलेलं ना?” नकाशाकडे कोणी बोटही केले नाही.

माझे भांडण या तीन प्रश्नांशी आहे. ते अडाण्यांनी विचारलेले असते तर सोडून दिले असते. ते वाचणाऱ्यांनी विचारलेले आहेत, आणि गेली काही वर्षे युद्धेतिहासावर जिथे जिथे चर्चा होते तिथे तिथे हेच तीन प्रश्न पहिल्या रांगेत बसलेले दिसतात. त्यांच्यामुळे चौथ्या प्रश्नाला जागाच उरत नाही.

आधी आपण राहतो कुठे ते पाहू. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडून ठाण्याकडे जाणारा माणूस दिवा, मुंब्रा, कळवा ओलांडून खाडीपुलावर येतो. पुलाच्या अलीकडे मुख्य भूमी, पलीकडे साष्टी बेट. १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन त्यात प्राणाला मुकला, किल्ल्यातील मराठी शिबंदीची मोठी कत्तल झाली आणि साष्टी गेली ती गेलीच. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, कल्याण पेशव्यांकडे राहिले; साष्टी मात्र इंग्रजांनी सोडली नाही. १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण त्यांच्या घशात जाईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, ती खाडी ही दोन सत्तांमधली सरहद्द होती. आपण ती रोज दोनदा ओलांडतो. दाराशी उभे असल्यामुळे पुलाखालचे पाणीही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्या किल्ल्यासाठी वॉटसन मेला तो आज ठाण्याचा मध्यवर्ती कारागृह आहे. त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले, आणि पुढच्या वर्षी पेटलेल्या शेवटच्या युद्धाच्या कारणांच्या यादीत ते पलायन जाऊन बसले. एका किल्ल्याने पहिल्या युद्धाचे दार उघडले आणि शेवटच्या युद्धाच्या दारावर थाप मारली. तरीही ठाण्याचा इतिहास विचारला की उत्तर येते ‘तलावांचे शहर’. कल्याणचा विचारला की १६५७ चा ऑक्टोबर, शिवरायांचा प्रवेश, आणि तिथेच पुस्तक मिटते. १६५७ बद्दल कोणाला अभिमान नसावा असे मी म्हणत नाही. पुस्तक त्याच पानावर का मिटते, एवढेच विचारतो.

आता घटना. १७८० च्या उन्हाळ्यात मुंबईकरांची तिजोरी रिकामी होती आणि लष्कर पोसायला तांदूळ व वसूल हवा होता. कल्याण म्हणजे दोन्ही. खाडीने मुंबईशी जोडलेले बंदर आणि मागे घाटापर्यंत पसरलेली भातखाचरे. कॅप्टन कॅम्पबेलने मे महिन्यात ते घेतले. नाना फडणविसांना त्याचे मोल चांगले ठाऊक होते. मराठी फौजेने कल्याण वेढले, आणि नियोजित हल्ल्याच्या ऐन तोंडावर हार्टली कुमक घेऊन पोचला. रात्री मराठी तळावर छापा पडला आणि वेढा उठला. हाच तो जेम्स हार्टली, ज्याने आदल्या वर्षी वडगावच्या माघारीत इंग्रजांची पिछाडी सांभाळली होती.

पावसाळ्यात मलंगगड. कॅप्टन ॲबिंग्टन अचानक चढून आला आणि खालची माची त्याने बळकावली. शिबंदी वरच्या किल्ल्यात गेली आणि तिने तो सोडला नाही. पुढे मराठी फौजेने ॲबिंग्टनलाच घेरले आणि त्याला सोडवायला ऑक्टोबरच्या आरंभी इंग्रजांना आणखी पलटणी पाठवाव्या लागल्या. डोंबिवलीतल्या कुठल्याही उंच गच्चीवरून पूर्वेकडे पाहा, तो सुळका दिसतो. त्या डोंगरासंबंधी महाराष्ट्रात जे बोलले जाते ते वेगळ्याच वादाविषयी. वरच्या माचीत अडकून राहिलेल्या १७८० च्या माणसांविषयी वर्षातून एक वाक्यही कानी पडत नाही.

मग वसई. १७३९ ची वसई तुम्हां सर्वांना तोंडपाठ आहे. दोन वर्षांची मोहीम, चिमाजी अप्पा, सुरुंग, शेवटचा हल्ला. १७८० ची वसई? गॉडर्डने नोव्हेंबरअखेर जड तोफा आणि उखळी तोफा लावल्या आणि ११ डिसेंबरला किल्ला शरण आला. तोच कोट, तेच बुरूज. पोर्तुगीजांकडून घ्यायला आपल्याला दोन वर्षे लागलेला किल्ला आपल्या हातून दोन आठवड्यांत गेला, या विषयावर बोलायची वेळ आली की आपण घाईघाईने वज्रेश्वरीच्या नवसाची गोष्ट सांगू लागतो. नवस १७३९ चा. देऊळ सुंदर आहे, कुंडांचे पाणी गरम आहे. आणि तिथून थोड्याच अंतरावर दुगाड आहे.

दुगाडपाशी थांबू. भिवंडी-वाडा रस्त्यावर दुगाड फाटा लागतो. गुमतारा चढायला जाणाऱ्यांना तो ठाऊक आहे. इतरांना ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण तिथे तसे काही उभे नाही. वसईचा वेढा निर्विघ्न चालावा म्हणून हार्टलीने मुख्य भूमीवर, घाटाकडून येणाऱ्या मराठी फौजेच्या वाटेत, आडवे उभे राहायचे होते. त्याच्यासमोर आले रामचंद्र गणेश कानडे. १७६९ साली पानिपतानंतरची मोठी उत्तर मोहीम निघाली तिचे हे सेनानायक. विसाजी कृष्ण, महादजी शिंदे, तुकोजी होळकर ही नावे त्या मोहिमेत त्यांच्याबरोबर होती. इंग्रजी वृत्तांत त्यांची फौज वीस हजारांहून अधिक सांगतो. शत्रूची संख्या शत्रूच्या लेखणीतून वाढत असते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

तीन दिवस लढाई झाली. पहिले दोन दिवस समोरून मागून हल्ले झाले, हार्टली हलला नाही. तिसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरच्या पहाटे, दाट धुके पडले होते. रामचंद्रपंतांनी त्या धुक्याचा आडोसा घेऊन निवडक पायदळासह इंग्रजी तळावर स्वतः चाल केली. बरोबर नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता. बेत चांगला होता. तोफेला जे दिसत नाही ते मारता येत नाही आणि कवायती पलटणीचा सारा जोर नेम धरून एकसाथ झाडण्यात असतो. धुके आणखी थोडा वेळ टिकते तर काय होते हे सांगता येणार नाही. ते टिकले नाही. मराठी पथके तोफांच्या तोंडाशी असताना धुके एकाएकी विरले. रामचंद्र गणेश पडले, नोरोन्हा जखमी झाला, फौज मागे फिरली.

आणि वसई? तारखा पुन्हा पाहा. वसई ११ ला शरण गेली होती. जिच्या सुटकेसाठी सेनापतीने १२ तारखेच्या पहाटे देह ठेवला ती आदल्या दिवशीच गेली होती.

या लढाईत फितूर कोण होता, असा प्रश्न मला विचारला गेला. धुके, एवढेच उत्तर मी देऊ शकतो.

हे थट्टेने म्हणत नाही. या बाबतीत मी स्वतः गुन्हेगार आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काही वर्षांपूर्वी मलंगगडाच्या वाटेवर पंधरावीस मुलांना दुगाडची कथा सांगताना ‘धुक्यात वाटाड्याने दगा दिला’ असे मी ठोकून दिले. गोष्ट रंगली. मुलांच्या मुठी वळल्या. अकरावीतल्या एका मुलीने शांतपणे विचारले, “सर, त्या वाटाड्याचं नाव काय? कुठल्या पत्रात आहे?” मी म्हणालो, बघून सांगतो. घरी येऊन पुस्तके धुंडाळली. वाटाड्या कुठेच नव्हता. कोणाकडून ऐकले होते तेही आठवेना; बहुधा कोणाकडूनच नव्हते. पराभवाच्या कथेत एक जागा रिकामी दिसली आणि माझ्या जिभेने तिथे आपसूक एक दगाबाज बसवला. त्या मुलीला पुढच्या भेटीत खरे ते सांगितले. उरलेल्या मुलांपैकी किती जण आजही तो वाटाड्या पुढे सांगत असतील, कोण जाणे.

म्हणून फितुरीच्या प्रश्नाचा मला राग येतो. फितुरी झालीच नाही असे कोण म्हणेल? रघुनाथराव १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी करार करून साष्टी आणि वसई लिहून देतात, याला दुसरे नाव नाही. पण त्या आरोपाला कागद आहे, तारीख आहे, सही आहे. फितुरीचा आरोप हा खुनाच्या आरोपाइतका गंभीर आहे आणि त्याला तेवढाच पुरावा लागतो : कोणी, कोणाला, केव्हा, कशाच्या बदल्यात. एवढे नसेल तर तो इतिहास नव्हे, कुजबूज होय.

शिवाय फितूर सापडल्यावर आपण थांबत नाही. त्याचे आडनाव काढतो. आडनावावरून जात काढतो. जातीवरून आज आपल्या शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाकडे पाहतो, ज्याचा १७८० शी, १८१७ शी काडीचा संबंध नाही. अठराव्या शतकातल्या एका माणसाचा हिशेब चुकवायला एकविसाव्या शतकातले गिऱ्हाईक शोधणे, हा धंदा जोरात चालला आहे आणि त्याला कच्चा माल आपण पुरवतो. पहिल्या प्रश्नाची किंमत ही आहे.

१८१७ चे उदाहरण घ्या, कारण तिथे हा खेळ सर्वांत रंगतो. शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबरला इंग्रजांचे निशाण चढले आणि ते बाळाजीपंत नातूंनी चढवले, ही गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत आहे. धरून चालू. पण ५ नोव्हेंबरला खडकी झाली होती, येरवड्याची लढाई आटोपून पेशवा व त्याची फौज पुणे सोडून निघून गेली होती. रिकाम्या वाड्यावर निशाण चढवणाऱ्याला नालायक म्हणा, पराभवाचे कारण म्हणू नका. कारण शोधायचे असेल तर पुणे का सोडावे लागले ते शोधा, आणि ते शोधणे कंटाळवाणे आहे, कारण त्यात पगार थकलेल्या पथकांच्या, जुन्या तोफांच्या, आणि १८०२ च्या वसईच्या तहाने दारात बसलेल्या तैनाती फौजेच्या गोष्टी येतात. निशाण दोन सेकंदांत डोळ्यांसमोर उभे राहते. पगार उभा राहत नाही.

‘शेवटची लढाई’ हेही असेच एक प्रकरण. तिसऱ्या युद्धाची शेवटची लढाई कुठली म्हणून विचारले तर बहुतेक जण आष्टी सांगतील, २० फेब्रुवारी १८१८, बापू गोखले. बापू गोखल्यांचे मरण इतके मोठे आहे की त्यानंतरचे सारे आपल्याला उपसंहार वाटते. प्रत्यक्षात बाजीराव जूनच्या आरंभी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि असीरगड १८१९ च्या एप्रिलपर्यंत झुंजत होता. नायक पडला की आपण नाट्यगृह सोडतो. युद्ध मात्र रंगमंचावर चालूच असते.

दुसरा प्रश्न, ‘शेवटी जिंकलं कोण?’ याला बोरघाटाचे उत्तर देण्याची पद्धत आहे, आणि उत्तर निम्मे खरे असल्यामुळे जास्त घातक आहे. वसई घेतल्यावर गॉडर्ड फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाट चढला. पुण्यावर धाक बसवून तह पदरात पाडावा असा त्याचा हिशेब. नानांनी तह दिला नाही. गॉडर्ड खोपोलीच्या तळावर बसून राहिला आणि त्याचे पोट पनवेलला बांधलेले राहिले. मधले अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरले आणि त्या वाटेवरच्या रसदेला झोंबले. घाटमाथ्यावर हरिपंत फडके, तुकोजी होळकर. सामोरासमोरचे मोठे युद्ध झालेच नाही. बैल, धान्याच्या गोणी, चारा, दारूगोळ्याच्या गाड्या यांच्यावर रोजचे हल्ले चालले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गॉडर्डने माघार घेतली. पनवेलला पोचेपर्यंत त्याची ४६६ माणसे मेली अथवा घायाळ झाली, त्यांत युरोपीय अधिकारी अठरा. हे आकडे ग्रँट डफच देतो.

पेशवाईच्या उत्तरार्धातील उत्कृष्ट मोहिमांमध्ये मी ही मोहीम बसवतो. दुगाडला ज्या कवायती पायदळापुढे धाडसी चाल फसली, त्याच पायदळाला चार महिन्यांनी त्याच कोकणात उपाशी ठेवून परतवले. मराठी सरदारांना शिकता येत नव्हते असे म्हणणाऱ्यांनी डिसेंबर आणि एप्रिल शेजारी ठेवून वाचावेत.

परंतु बोरघाट सांगून ‘म्हणजे आपणच जिंकलो’ असे म्हणणाऱ्याने मला पुढचे समजावून द्यावे : मग ठाणे परत का आले नाही? १७ मे १७८२ ला सालबाईस महादजींच्या मध्यस्थीने तह झाला, त्यात वसईसह पुरंदर तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत मिळाला, रघुनाथरावांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. साष्टी, घारापुरी, उरणचे करंजा बेट त्यांच्याकडेच राहिले. हा निकाल कोणत्या एका लढाईतून निघाला नाही. १७८० च्या उन्हाळ्यात हैदर कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात पोलिलूरला त्याने बेलीची तुकडी कापून काढली. मद्रास संकटात आले. बंगालची तिजोरी तीन ठिकाणच्या लढायांनी खालावली. उत्तरेत ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला पॉपहॅमने घेतला होता, पुढच्या वर्षी माळव्याच्या सीमेवर महादजी व इंग्रज एकमेकांना दमवीत होते, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महादजींनी कर्नल म्यूरशी वेगळा करार केला. कल्याणच्या भातखाचरांचे भवितव्य कर्नाटकात आणि माळव्याच्या वाटेवर ठरत होते. हे सारे पटावर मांडल्यावर ‘जिंकलं कोण’ हा प्रश्न क्रिकेटचा वाटू लागतो. कोणाला काय मिळाले, काय गेले आणि कोणाला पुन्हा श्वास घ्यायला किती वर्षे मिळाली, असे विचारले तर उत्तर देता येते. वीस वर्षे मिळाली. ती कशी गेली, हा वेगळ्या आणि अधिक दुःखाच्या थ्रेडचा विषय.

दुगाडच्या विजेत्याचे काय झाले तेही जाता जाता ऐका. हार्टलीची बढती सेवाज्येष्ठतेच्या वादात कंपनीने मान्य केली नाही आणि तो विलायतेस निघून गेला. इंग्रजी व्यवस्था म्हणजे गुणांचे नंदनवन आणि आपली म्हणजे भाऊबंदकीचा आखाडा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही ओळ.

तिसरा प्रश्न. ‘हे सगळं इंग्रजांनीच लिहिलेलं ना?’ होय, यातले पुष्कळसे जेम्स ग्रँट डफने लिहिले आहे. तो स्कॉटिश होता, मुंबईच्या लष्करात कॅप्टन होता, शेवटच्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने होता, पुढे साताऱ्यास रेसिडेंट होता, आणि १८२६ साली त्याचा तीन खंडांचा इतिहास छापला गेला. जिंकलेल्या पक्षाच्या अधिकाऱ्याने हरलेल्यांचा इतिहास लिहिला. संशय घ्यायला याहून भक्कम कारण नको. पण संशय घेणे म्हणजे काय करणे?

याचे उत्तर एका मराठी विद्यार्थ्याने दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने डेक्कन कॉलेजात शिकत होते. १८६७-६८ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, त्यांनी ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली. तुमच्याच वयाचा वाचक आणि त्याची प्रतिक्रिया. कीर्तन्यांनी ‘इंग्रज, म्हणून खोटा’ असे म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी ग्रंथ शेवटपर्यंत वाचला, त्याचे ऋण मान्य केले, आणि मग मराठी कागद कुठे अपुरे वापरले, कुठे चुकीचे लावले हे दाखवले. आणि पुढे बखरी छापायला घेतल्या. दहा वर्षांनी ‘काव्येतिहास-संग्रह’ निघाला, मग वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेस बसून पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला सुरुवात केली. परशुरामभाऊंच्या बाजूने बोरघाट वाचायचा असेल तर तो मार्ग तिथून जातो. एका पुस्तकाचा राग आला म्हणून एका पिढीने शेकडो कागद छापले. आपल्याला राग आला की आपण एक चित्र टाकतो, त्यावर तलवार असते.

ग्रँट डफ नको असेल तर खरे वाचा. खरे जाड वाटत असतील तर रियासत वाचा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भाव्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी काढले. या दोन्ही गावांना पुस्तकांची गैरसोय आहे, अशी तक्रार करायला तरी तोंड नाही.

आता तो चौथा प्रश्न, जो नकाशाकडे पाहिले असते तर सुचला असता. दुगाडला कोण कोणाशी लढत होते? इंग्रजी बाजूला हार्टलीच्या हाताखाली मुंबईचे शिपाई होते. त्या काळातल्या मुंबई पलटणींत कोकणातलेच लोक भरती होत : मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायली. मराठी बाजूला पोर्तुगीज अधिकारी होता. धुके विरले तेव्हा तोफांच्या दोन्ही अंगांना कोकणी बोलणारी माणसे असणार. त्यांपैकी कोणाला फितूर म्हणणार? महिन्याच्या महिन्याला रोख पगार देणाऱ्या पलटणीत नाव घातलेल्या कुणब्याच्या मुलाला? त्याच्या गावावरून दोन्ही फौजा गेल्या असतील आणि दोघांनीही चारा उचलला असेल. डिसेंबरात कोकणात भात खळ्यावर असते. वीस हजारांची फौज आणि तिची घोडी तीन दिवस एका पट्ट्यात राहिली, तर त्या खळ्यांवर काय उरले असेल याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. कल्याण प्रांताचे वसुलाचे कागद हा त्यासाठीचा रस्ता आहे, कंटाळवाणा आणि मोडीतला. मोडी शिकता आहात ना? मग इथे लावा. शिवकालीन पत्राची एक ओळ लावून तिचे छायाचित्र टाकण्यापुरती ती लिपी शिकण्यात काय हशील?

‘तुम्ही वीररस मारता,’ असे मला नेहमी ऐकवले जाते. रामचंद्र गणेशांनी पहाटेच्या धुक्यात स्वतः पुढे होऊन तोफांवर चाल केली, हे मी वर लिहिले आहे. त्यात वाटाड्याचा दगा घातला असता तर ते मोठे झाले असते का? माझ्या मते लहान झाले असते. दगा झाला म्हटले की माणूस फसलेला ठरतो. बेत त्याचा राहत नाही, धैर्यही निम्मे कोणा दुसऱ्याच्या पापात वाहून जाते. त्यांनी जोखीम ओळखून घेतली होती, हे मान्य करण्यात त्यांचा मान आहे.

या थ्रेडखाली मला शिव्या येणार आहेत आणि त्यांतल्या निम्म्या ‘इंग्रजधार्जिणा’ या शब्दाने सुरू होतील. हरकत नाही. फक्त शिवी देताना एक तारीख आणि एक कागद जोडा. चुकलो असेन तर मूळ मजकुराखाली दुरुस्ती लिहीन, पुसून टाकणार नाही.

पुढच्या भागात कल्याणचा मे १७८० चा वेढा येईल. खाडीच्या भरती-ओहोटीचा आणि हार्टलीच्या वाटेचा विचार तिथे करू.

आणि हो, येत्या १२ डिसेंबरला पहाटे सहाला मी दुगाड फाट्यावर असेन. गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेमुळे भिवंडी नाक्यावर अडकायला होते, तेव्हा डोंबिवलीहून साडेचारलाच निघावे लागेल. गुमतारा चढायचा नाही. खालच्या शेतांच्या बांधांवरून चालायचे आहे. येणाऱ्याने स्वेटर आणि होकायंत्र आणावे. नकाशे मी आणतो. धुके पडले असेल तर फारच बरे.